स्टिअरिंग सैल झालंय? फट सापडेपर्यंत पाना उचलू नका

गाडी गॅरेजमध्ये नेऊन "स्टिअरिंग ढिलं वाटतंय" एवढंच सांगितलं, की पुष्कळदा दोन्ही टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचे सांधे) बदलले जातात, अलाइनमेंट होते, बिल होतं आणि आठवड्याभरात हाताला तोच सैलपणा पुन्हा लागतो. एंड गेलेले नव्हतेच, फट दुसरीकडे होती. हातातल्या स्टिअरिंगपासून रस्त्यावरच्या टायरपर्यंत सात-आठ सांधे आहेत. त्यांतला एखादा, फार तर दोन, सैल झालेले असतात आणि ते बोटाला लागतात. म्हणून आधी सैल सांधा शोधायचा आणि मगच पार्ट आणायला जायचं.

इथलं वर्णन आल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय टेन अशा छोट्या गाड्यांना लागू आहे. म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, रॅक-पिनियन स्टिअरिंग (पिनियन हे दातेरी चाक फिरतं आणि रॅक हा दातेरी दांडा आडवा सरकतो) आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲबसॉर्बर एकत्र असलेला खांब). जिप्सीसारख्या जुन्या बांधणीच्या गाड्यांबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

सैल म्हणजे नेमकं काय?

एकाच शब्दात चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. त्या आधी सुट्या करा.

स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही, मधे 'रिकामी जागा' लागते. हा खरा प्ले. या लेखाचा विषय तोच आहे.

स्टिअरिंगला रिकामी जागा नाही, पण सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे भटकते आणि सतत सावरावी लागते. इथे आधी टायरची हवा, टायरची झीज आणि टो, म्हणजे चाकांची पुढची कड किती आत किंवा बाहेर वळली आहे ते, बघायचा. पुढची चाकं समोरून किंचित फाकलेली असली, म्हणजे टो-आउट झाला असला, तरी गाडी अशीच भटकते.

ठरावीक वेगाला, बहुधा ८० ते १०० च्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं. हे जवळजवळ नेहमी व्हील बॅलन्सिंगचं किंवा वाकलेल्या रिमचं काम असतं.

ब्रेक मारला किंवा ॲक्सिलरेटर सोडला की गाडी एका बाजूला सरकते, स्टिअरिंग हातात फिरल्यासारखं होतं. संशय लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या हाताच्या) बुशवर, म्हणजे रबरी बसणीवर, घ्या.

गाडीखाली जाण्याआधी

टायर थंड असताना हवा तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. छोट्या गाड्यांत तो साधारण ३० ते ३३ पीएसआय असतो. एका चाकात ३२ आणि दुसऱ्यात २२ असेल, तर सगळे सांधे कंपनीतून आल्यासारखे घट्ट असूनही गाडी सैल वाटेल. मग पुढच्या टायरच्या पृष्ठावर तळहात आडवा फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टो बिघडलेला आहे. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्लेली दिसली, तरी चाकाची भूमिती बिघडलेली आहे आणि त्यामागे सैल सांधा असण्याची शक्यता मोठी. व्हील नट पान्याने तपासून घ्या. पंक्चर काढून चार दिवस झाले आणि गाडी अचानक सैल वाटू लागली, तर सगळ्यात पहिली तपासणी नटांची.

प्ले मोजा, आणि दोन्ही चाकांवर मोजा

गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. पॉवर स्टिअरिंग असेल, हायड्रॉलिक असो वा इलेक्ट्रिक, तर इंजिन सुरू ठेवा. ही गाडी उघड्यावर उभी करा, बंद गॅरेजमध्ये नको. इंजिन बंद ठेवून मोजलं तर स्टिअरिंगमधली टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी बारीक सळई, पिळते आणि तो पीळ प्ले म्हणून मोजला जातो. चांगली गाडी उगाच नापास होते.

स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर रंगीत टेपचा तुकडा लावा. डॅशबोर्डवर एक पट्टी अशी टेकवा, की टेप तिच्या आकड्यांसमोरून सरकेल. दोन बोटांनी, जोर न लावता, स्टिअरिंग एका बाजूला न्या. जोडीदाराने बाहेर टायरच्या कडेकडे बघत बसायचं आणि टायर हललं त्याच क्षणी 'हललं' म्हणायचं. मग दुसऱ्या बाजूला. दोन 'हललं'मधलं अंतर म्हणजे तुमचा प्ले. सुझुकीच्या छोट्या गाड्यांसाठी मान्य मर्यादा स्टिअरिंगच्या कडेवर ० ते ३० मिमी आहे. इतर छोट्या गाड्यांचे आकडेही याच्या आसपासच असतात. चांगल्या स्थितीतल्या गाडीत हे अंतर १०-१५ मिमीच्या पुढे सहसा जात नाही.

आता हीच मोजणी आधी डाव्या चाकाकडे बघून आणि मग उजव्या चाकाकडे बघून करा. हे बहुतेकजण करत नाहीत, आणि निम्मं निदान इथेच होतं. दोन्ही चाकं सारखीच उशिरा हलत असतील, तर फट रॅकमध्ये किंवा रॅकच्या वर आहे: कॉलम (स्टिअरिंगखालचा दांडा), युनिव्हर्सल जॉइंट (त्या दांड्याचा वळता सांधा), पिनियनचे दाते किंवा रॅक बॉडीला धरून ठेवणारे क्लॅम्प. एक चाक लगेच हलतं आणि दुसरं मागे राहतं, तर फट त्या मागे राहणाऱ्या बाजूला आहे: रॅक एंड (टाय रॉडचा आतला, रॅककडचा सांधा), टाय रॉड एंड, बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाकामधला गोटीचा सांधा) किंवा बेअरिंग. एकाच बाजूचा एंड गेलेला असताना दुसरं चाक हाताला व्यवस्थित साथ देतं, म्हणून नुसत्या एकाच मोजणीत हा दोष लपून राहतो.

फट किती बारीक असते याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. स्टिअरिंगचं गुणोत्तर १६ ला १, स्टिअरिंगचा व्यास ३७ सेंमी आणि नकलचा (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाचा) आर्म साडेअकरा सेंमी धरला, तर टाय रॉडवरची १ मिमीची फट हातात सुमारे २६ मिमी होऊन येते. म्हणून खाली सांधा तपासताना मोठा गाळा शोधू नका. नखाएवढी हालचालही सांधा बाद ठरवायला पुरेशी आहे.

कायद्याचं म्हणाल तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा असं सांगतो. ३७ सेंमी व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे जवळजवळ १० सेंमी! रॅक-पिनियनच्या गाडीला एवढा प्ले येईपर्यंत थांबणं धोक्याचं आहे. कायद्यात बसते म्हणून ती गाडी चालवण्याजोगी आहे असं समजू नका. त्याच नियमात सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात असंही म्हटलं आहे. ते मात्र अक्षरशः पाळण्यासारखं आहे.

चाकं जमिनीवर, बोट सांध्यावर

ही सगळ्यात उपयोगी तपासणी. खड्डा किंवा रॅम्प असेल तर उत्तम. नसेल तर चाकाच्या कमानीतून बॅटरीच्या उजेडात बघता येतं. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली शिरायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही.

जोडीदार आत बसून स्टिअरिंग घड्याळातल्या ११ ते १ एवढं, पटापट डावी-उजवी करत राहील. चाकं जमिनीवर असल्यामुळे सांध्यांवर खरा भार येतो. तुम्ही वरून खाली जायचं. आधी पेडलच्या वर, कॉलमचा खालचा युनिव्हर्सल जॉइंट. वरचा दांडा फिरला आणि खालचा किंचित उशिरा फिरला, तर फट तिथे. मग पिनियन जिथे रॅकमध्ये शिरतो ती जागा. मग रॅक बॉडी: ती फायरवॉलवर किंवा क्रॉसमेंबरवर घट्ट बसलेली हवी. स्टिअरिंगबरोबर अख्खी बॉडीच डावी-उजवी सरकत असेल, तर क्लॅम्पचे रबर गेले किंवा बोल्ट सैल आहेत. मग बूटमधून, म्हणजे रॅकच्या टोकावरच्या रबरी आवरणातून, आतला रॅक एंड. आणि शेवटी टाय रॉड एंड.

प्रत्येक ठिकाणी बोट असं ठेवा की अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्या भागावर टेकेल. डोळ्याला न दिसणारी फट बोटाच्या पेराला 'टक' अशी लागते. टाय रॉड एंडच्या बाबतीत एक बोट एंडच्या बुडावर आणि नकलच्या आर्मवर एकदमच टेकवा. चांगल्या एंडमध्ये दोन्ही एकत्र जातात, गेलेल्या एंडमध्ये आधी एंड सरकतो आणि मग आर्म. रॅक एंडसाठी रबरी बूट बोटांनी दाबून आतली गोटी चाचपा. हात चाक आणि बॉडीच्या मधे किंवा वळलेलं चाक जिथे टेकतं त्या जागेवर जाणार नाही, एवढं आधी ठरवून घ्या. इंजिन सुरू असेल तर पंखा आणि बेल्टपासून लांब राहा.

चाक उचलून

मागच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी जॅकने उचला आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक स्टँड द्या. विटा किंवा लाकडाची चळत नको, ती सरकते.

चाक ३ आणि ९ वाजताच्या जागी दोन्ही हातांनी धरून आलटून-पालटून ढकला, तेव्हा जोडीदाराने स्टिअरिंग धरून ठेवायचं. फक्त आडवा गाळा लागला तर टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅकचा बुश. मग १२ आणि ६ ला धरून हलवा. इथे गाळा लागला तर व्हील बेअरिंग किंवा लोअर बॉल जॉइंट. दोन्ही दिशांना लागला तर बेअरिंगकडे जास्त कल. पक्कं करायचं असेल तर जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगा आणि १२-६ पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर गाळा गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचा भाग.

लोअर बॉल जॉइंटसाठी लांब पहार लोअर आर्म आणि नकलच्या मधे घालून हलकेच उचला. चाक लोंबकळत असलं पाहिजे. आर्म आणि नकल एकमेकांपासून उघडताना दिसले तर जॉइंट संपलेला आहे आणि ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही. टो करूनच न्या. हा सांधा सुटला तर चाक आडवं पडतं. बाकीचे दोष हलके असतील तर गाडी हळू चालवून गॅरेजपर्यंत नेता येते, हा दोष असताना नाही.

टाय रॉड एंड बदलणं

सांध्यांपैकी घरी बदलता येण्याजोगा हाच. तो जातो तो त्याच्यावरचा रबरी बूट फाटल्यामुळे. पावसाळ्यात फाटलेल्या बूटमधून चिखलाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गोटी वाळूने घासली जाते. कोकणातल्या खारट हवेत गंज लवकर धरतो. बूट फाटलेला दिसला आणि अजून गाळा नसला तरीही एंड बदलायला काढा. नुसता बूट बदलून आत गेलेली माती बाहेर येत नाही.

लागेल ते: १७ आणि १९ चे रिंग पाने (गाडीनुसार एखादा वेगळा माप लागेल), टाय रॉड पुलर, लोखंडी ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पक्कड, पांढरा पेन, मोजपट्टी, टॉर्क रेंच, नवी स्प्लिट पिन. एंड घेताना जुना बरोबर न्या. स्टडचा (एंडच्या गोटीतून निघणाऱ्या आटेदार खुंटीचा) निमुळता भाग, आट्यांचा माप आणि लांबी तिन्ही जुळली पाहिजेत. नव्या एंडचा स्टड हाताने फिरवा. तो थोडा जड आणि सगळ्या बाजूंना एकसारखा फिरला पाहिजे. नवा असूनही भुरभुर फिरणारा एंड दुकानातच परत करा.

१. व्हील नट जमिनीवरच पाव फेरा सैल करा, मग गाडी उचला, स्टँड द्या, चाक काढा.

२. आटे ब्रशने साफ करून स्प्रे मारा आणि १५-२० मिनिटं सोडून द्या.

३. लॉक नट (एंडला टाय रॉडवर जागेवर धरणारा), एंड आणि टाय रॉड यांच्यावरून पांढऱ्या पेनने एकच सरळ रेघ ओढा. स्टडच्या मध्यापासून लॉक नटपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. एक फेरा चुकला तर काय होतं पाहा: आट्यांचा पिच सव्वा मिमी असेल, तर टायरच्या कडेवर टो सुमारे ५-६ मिमीने बदलतो. अलाइनमेंट सेंटरपर्यंत पोहोचायच्या आतच टायर घासायला लागतो.

४. लॉक नट फक्त पाव फेरा सोडा, जास्त नाही. तो जागेवर राहिला तर तोच तुमची खूण. हे काम एंड नकलमध्ये अडकलेला असतानाच करा, सुटल्यावर तो हातात गोल फिरत बसतो.

५. स्प्लिट पिन सरळ करून ओढून काढा. नट सैल करा, पण शेवटचे दोन-तीन आटे राहू द्या, म्हणजे स्टड सुटताना एंड उडणार नाही.

६. पुलर लावून घट्ट करत जा. 'ठक' आवाज येऊन स्टड सुटतो. पुलर नसेल, तर नकलच्या आर्मच्या डोळ्यावर, म्हणजे स्टड ज्या भोकात बसतो त्याच्या बाजूच्या लोखंडावर, बाजूने हातोड्याचे दोन-तीन कडक ठोके द्या. स्टडच्या टोकावर खालून ठोकत बसू नका. आटे पसरतात आणि स्टड मात्र हलत नाही.

७. एंड फेरे मोजत काढा. साडेसोळा फेऱ्यांत सुटला तर साडेसोळा लिहा. नवा तेवढेच फेरे आत घाला आणि लिहून ठेवलेल्या अंतराशी ताळा करा. नव्या एंडची लांबी जुन्याहून किंचित वेगळी असेल तर फेऱ्यांपेक्षा अंतरावर विश्वास ठेवा.

८. नकलच्या भोकातला निमुळता भाग कोरड्या फडक्याने पुसा. ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, ही पकड कोरड्या घर्षणाचीच असते. स्टड बसवा, नट लावा. नटाबरोबर स्टडच फिरू लागला तर खालून जॅकने हलका दाब द्या.

९. नट टॉर्क रेंचने घट्ट करा. हा टॉर्क मॉडेलनुसार बदलतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. खाच आणि भोक जुळलं नाही तर नट आणखी थोडा घट्ट करून जुळवा, कधीही मागे फिरवून नाही. नवी पिन घाला आणि दोन्ही टोकं वाकवा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) असेल तर तो नवाच वापरा.

१०. एंडला पान्याने सरळ धरून लॉक नट घट्ट करा. एंड तिरका राहिला तर वळणावर स्टड बूटच्या कडेला घासतो.

दुसऱ्या बाजूचा एंड बदलायचा का? तो घट्ट असेल आणि बूट शाबूत असेल तर नको. जोडीने बदलण्याचा आग्रह ब्रेक पॅडला योग्य आहे, इथे नाही.

रॅक एंड आणि लोअर आर्म

रॅक एंड बाहेरच्या एंडचाच आतला भाऊ आहे. त्यासाठी बूटचे दोन्ही क्लिप काढावे लागतात आणि गोटीमागची लॉक वॉशर सरळ करावी लागते. सोडताना आणि घट्ट करताना रॅकचा दांडा दुसऱ्या पान्याने धरून ठेवणं अत्यावश्यक आहे. न धरता जोर लावला तर तो सगळा पीळ पिनियनच्या दात्यांवर जातो आणि एंड बदलता बदलता रॅक खराब होतो. बसवल्यावर लॉक वॉशर पुन्हा वाकवा, बूट नवा घाला आणि त्याला पीळ पडलेला नाही हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा.

लोअर आर्मचे बुश पहारीने हलवून तपासतात. रबराला भेग पडलेली, रबर धातूपासून सुटलेलं किंवा आर्म मागे-पुढे हलताना दिसला, तर गेले. बऱ्याच छोट्या गाड्यांत बॉल जॉइंट आर्ममध्येच बसवलेला येतो. अशा वेळी अख्खा आर्म बदलणंच शहाणपणाचं. बसवताना एक चूक सर्रास होते. बुशचे बोल्ट गाडी हवेत असतानाच पूर्ण आवळले जातात. त्या वेळी आर्म खाली लोंबकळत असतो. गाडी जमिनीवर उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताला लागतील इतकेच आवळा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-तीनदा दाबा आणि मग पूर्ण टॉर्क द्या. गॅरेजवाल्याला हे आधीच सांगून ठेवा, नंतर बघून ते ओळखता येत नाही.

रॅक 'टाइट करून देतो' म्हणाले तर

पिनियनच्या मागे रॅकला दाबून धरणारी एक स्प्रिंग असते, तिच्यावर ॲडजस्टर आणि लॉक नट. खडखड किंवा प्लेची तक्रार नेली की हा ॲडजस्टर आवळून देण्याची पद्धत आहे. पाच मिनिटांचं काम, आवाज लगेच बंद. त्यात धोका असा, की रॅकचे दाते मधोमध सर्वांत जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. मधली झीज भरून निघेल इतकं आवळलं, की कडेचे न झिजलेले दाते अडकतात. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, मधेच थांबतं. घाटातल्या उताराच्या वळणावर हे प्लेपेक्षा कितीतरी वाईट.

ॲडजस्टरला हात लावायचाच असेल तर बाकी सगळे सांधे निर्दोष ठरल्यानंतर, मॅन्युअलमधला टॉर्क आणि मागे फिरवायचा कोन हाताशी ठेवून. ते नसेल तर जुन्या जागेची खूण करून एका वेळी ३० अंश, म्हणजे घड्याळाच्या काट्याची पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. नंतर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, जडपणा कुठेही बदलता कामा नये. मोकळ्या जागेत २० च्या वेगाने वळून स्टिअरिंग सैल सोडा, ते दोन्ही बाजूंनी सारखं परत आलं पाहिजे. नाही आलं तर खुणेवर परत या. तसा रॅक बदलण्याच्याच लायकीचा.

खराब रस्त्यावर खडखड, पण प्ले जवळजवळ नाही, अशी तक्रार असेल तर पिनियनच्या विरुद्ध टोकाला रॅक बॉडीत असलेला प्लॅस्टिकचा बुश बघा. बूट सरकवून रॅकचा दांडा वर-खाली हलवला की तो लगेच कळतो. पुष्कळ गाड्यांना हा बुश सुटा मिळतो.

कॉलम, युनिव्हर्सल जॉइंट आणि इलेक्ट्रिक मोटर

युनिव्हर्सल जॉइंटचा पिंच बोल्ट, म्हणजे जॉइंटला दांड्यावर आवळून धरणारा बोल्ट, सैल झालेला असेल तर नुसता आवळून समाधान मानू नका. तो काढून बघा. बोल्ट दांड्याच्या खाचेत बसतो. खाच आणि दाते खाल्लेले असतील तर आवळलेला जॉइंट पुन्हा सैल होणारच. काढण्याआधी दांड्यावर आणि जॉइंटवर एकच खूण करा.

कॉलम खाली सुटलेला असताना स्टिअरिंग अजिबात फिरवायचं नाही, ते बांधून किंवा लॉक करून ठेवा. एअरबॅगची गुंडाळलेली केबल, जिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, ठरावीक फेऱ्यांपुरतीच असते. ती तुटली की हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही जातात. एअरबॅगच्या आसपासचं काम नवशिक्याने करू नये.

कॉलमवर मोटर असलेल्या काही गाड्यांत मोटर आणि वर्मच्या (स्क्रूसारख्या गिअरच्या) मधे छोटं रबरी कपलिंग असतं. ते झिजलं की स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवताना हाताला 'टकटक' लागते, चाकांकडे मात्र काहीच गाळा सापडत नाही. असं असेल तर अख्खा कॉलम बदलण्याआधी हे कपलिंग सुटं मिळतं का, ते विचारा. कॉलम किंवा रॅक बदलला तर स्टिअरिंग सेन्सरचं कॅलिब्रेशन स्कॅनरने करून घ्यावं लागतं.

जिप्सी आणि तशा गाड्या

तिथे रॅक नाही, रीसर्क्युलेटिंग बॉलचा (आत गोळ्या फिरणारा) स्टिअरिंग गिअरबॉक्स, त्यापासून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक हा दांडा आणि टाय रॉड असतात. सांधे जास्त, त्यामुळे थोडा जास्त प्ले मूळचाच. गिअरबॉक्सच्या वरच्या स्क्रूने तो कमी करता येतो, पण क्रम पाळा: आधी सगळे लिंक एंड, मग किंगपिनचं (चाक ज्याभोवती वळतं त्या खुंटीचं) बेअरिंग, मग गिअरबॉक्सचे माउंटिंग बोल्ट आणि सर्वांत शेवटी तो स्क्रू. लिंक सैल असताना स्क्रू आवळला तर प्ले तसाच राहतो आणि गिअरबॉक्स झिजतो.

अलाइनमेंट आणि नंतरची तपासणी

एंड, रॅक एंड, आर्म किंवा रॅक यातलं काहीही उघडलं असेल तर त्याच दिवशी अलाइनमेंट करा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या. दोन्ही चाकांचा टो वेगवेगळा लिहिलेला हवा. स्टिअरिंग वाकडं राहिलं तर ते उपटून सरळ बसवू देऊ नका. दोन्ही बाजूंचे टाय रॉड एकमेकांच्या उलट, सारखे फिरवून ते सरळ करायचं असतं. सैल सांध्यावर केलेली अलाइनमेंट मशीनवर बरोबर दिसते आणि पहिल्या खड्ड्यात बिघडते, म्हणून दुरुस्ती आधी, मशीन नंतर.

व्हील नट चांदणीच्या क्रमाने, गाडी जमिनीवर असताना, मॅन्युअलच्या टॉर्कवर आवळा. छोट्या गाड्यांत तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर २०-३० च्या वेगाने, त्यात दोन-तीनदा ब्रेक मारून बघा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर व्हील नट, लॉक नट आणि स्प्लिट पिन पुन्हा बघा. टेप आणि पट्टी लावून दोन्ही चाकांवर प्ले मोजा आणि तारखेसह सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर तुलना करायला तोच आकडा लागेल.